बाबा येण्याआधी गाडी उभी राहील का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: इंग्लंडच्या मिडलँड्स भागात गेली अकरा वर्षे राहणाऱ्या ४३ वर्षांच्या एका वाचकांनी तीन वर्षांपूर्वी १९७१ सालची एमजीबी जीटी ही स्पोर्ट्स कार ४,२०० पौंडांना विकत घेतली. गाडी स्वतःच्या चाकांवर चालत घरी आली होती. वर्षभरात ती नव्यासारखी करायची, अशा विचाराने त्यांनी ती गॅरेजमध्ये जवळजवळ पूर्ण सोडवली. दरवाजे, सीट, काचा, वायरिंग आणि पुढचे फेंडर उतरवल्यावर दाराखालचे दोन्ही सिल आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा गंजून चाळण झालेला दिसला आणि तिथेच घोडे अडले. एका बॉडी शॉपने पत्रेकाम आणि संपूर्ण रंग मिळून ९,००० पौंडांचा अंदाज दिला आहे. पत्नीने सांगितले आहे, "एक तर गाडी पूर्ण कर, नाही तर काढून टाक, तीन वर्षांत आपल्या घरात शनिवार उरलेला नाही." एप्रिलअखेर वाचकांचे ७३ वर्षांचे वडील पाच महिन्यांसाठी येत आहेत. ते एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून पत्रेकाम करून निवृत्त झाले. त्यांना तयार गाडीतून फिरवून आणावे, ही वाचकांची इच्छा आहे. ते विचारतात: कर्ज काढून गाडी बॉडी शॉपला द्यावी, वेल्डिंग मशीन घेऊन स्वतः शिकावे, की मिळेल त्या किमतीला विकून मोकळे व्हावे? "अर्धवट सोडलेली गोष्ट बाबांना दाखवायची मला लाज वाटते," असे त्यांचे शेवटचे वाक्य आहे.

नमस्कार.

तुम्ही मांडलेले तिन्ही पर्याय एप्रिलअखेरच्या एका तारखेला बांधलेले आहेत, आणि ती तारीख तुम्हीच स्वतःवर घालून घेतलेली आहे. आता जानेवारी संपत आला आहे. बॉडी शॉपने उद्या गाडी ताब्यात घेतली, तरी पत्रेकाम, रंग, रंग वाळल्यावर काचा आणि रबर बसवणे, वायरिंग ओढणे आणि ब्रेकची सगळी जोडणी करणे हे तीन महिन्यांत सुखरूप होणारे काम नाही. घाईत केलेल्या रंगाचे फोड वर्षभराने दिसतात, पण घाईत जोडलेल्या ब्रेकचा परिणाम पहिल्याच उतारावर दिसू शकतो. म्हणून ती तारीख आधी बाजूला ठेवू या आणि मग पर्यायांकडे पाहू या.

तयार गाडीतून फिरायचे आहे, असे वडिलांनी तुम्हाला सांगितले आहे का? पत्रात मला तसे कुठे दिसले नाही. दापोडीच्या कार्यशाळेत नुसती चॅसिस, म्हणजे बसची खालची लोखंडी चौकट, आत येते, तिच्यावर सांगाडा उभा राहतो, सांगाड्यावर पत्रे चढतात आणि मग बस बाहेर पडते. ज्या माणसाने सारी नोकरी त्या शेडमध्ये काढली, त्याच्यासाठी अर्धवट गाडी हे रोजचे दृश्य होते. कामावर गेल्यावर समोर तेच असायचे. तुम्हाला जिची लाज वाटते, ती गाडी पाहून कदाचित ते चष्मा कपाळावर सरकवतील आणि गंजलेल्या पत्र्यावर नखाने टिचकी मारून बघतील. पाच महिने परक्या गावात, मुलगा आणि सून कामावर गेलेले, नात शाळेत आणि दारात ओळखीचे कोणी नाही, अशा दिवसांत त्यांना चकचकीत गाडीतली एक फेरी हवी असेल की हाताला काम, हे तुम्ही त्यांनाच फोन करून विचारावे. माझा अंदाज मी लपवत नाही. गाडीची छायाचित्रे त्यांना आजच पाठवा, आणि सर्वांत गंजलेल्या जागेचे छायाचित्र सर्वांत आधी पाठवा.

तुमच्या पत्नीचे वाक्य तुम्ही गाडीविरुद्धचा निकाल म्हणून वाचले आहे. मला त्यात तक्रार शनिवारची दिसते. गाडी वर्षभरात होईल असे तुम्ही त्यांना सांगितले होते, तीन वर्षे झाली आणि संपण्याची खूण कुठेच दिसत नाही. असे काम घरातल्या दुसऱ्या माणसाला पावसाळ्यातल्या गळतीसारखे वाटू लागते. त्यांच्याशी बोलताना गाडीचे महत्त्व पटवून देण्यात वेळ घालवू नका. आठवड्यातले कोणते तास गाडीचे आणि कोणते घराचे, महिन्याला किती पौंड, आणि कोणत्या टप्प्यावर थांबून पुन्हा विचार करायचा, एवढे ठरवून कागदावर लिहा. शनिवार घराला परत द्या आणि गाडीसाठी मंगळवार आणि गुरुवारच्या संध्याकाळी दोन-दोन तास ठेवा. दोन तासांत एक काम पूर्ण करून हत्यारे पुसून ठेवणारा माणूस, सबंध दिवस गॅरेजमध्ये घालवून शेवटचा तास हरवलेला बोल्ट शोधणाऱ्यापेक्षा पुढे जातो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

आता गाडीकडे येतो. एमजीबी १९६२ साली ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि १९८० साली तो कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली; तिच्या पाच लाखांहून अधिक गाड्या झाल्या. तुमच्याकडे आहे ती छपराची जीटी १९६५ साली आली आणि तिच्या छपराच्या रेषेला इटलीच्या पिनिनफारिना या डिझाइन कंपनीचा हात लागलेला आहे. एवढ्या संख्येने बनल्यामुळे तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो, ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. अडचण तिच्या रचनेत आहे. आधीच्या एमजीए या मॉडेलला वेगळी चॅसिस होती, एमजीबीला नाही. एसटीच्या बसचा एखादा पत्रा गंजला तर तो रिव्हेट काढून बदलता येतो आणि खालची चॅसिस भार वाहत राहते. एमजीबीत पत्र्याच्या पेट्याच भार वाहतात, आणि त्यांतली सर्वांत महत्त्वाची पेटी म्हणजे दाराखालचा सिल. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधला पडदा आणि खालचा कॅसल सेक्शन असे थर मिळून ती पोकळ पेटी होते. ती पुढे फेंडरच्या आत आणि मागे मागच्या फेंडरच्या पोटात शिरते. पुढचा फेंडर बोल्टवर असतो, तो तुम्ही काढलाच आहे. मागचा वेल्ड केलेला असतो आणि त्याचा खालचा भाग कापल्याशिवाय सिलचे मागचे टोक दिसत नाही. ते कापणे टाळून जुन्या गंजावरच नवा बाहेरचा पत्रा चिकटवून देणारे कारागीर सगळीकडे आहेत. असे काम वरून सुंदर दिसते आणि आतून गाडी तशीच कुजत राहते. तुम्हाला मिळालेल्या अंदाजात कॅसल सेक्शन आणि मधला पडदा धरला आहे की नाही, हे लेखी विचारून घ्या.

सिल कापण्याचे काम स्वतः शिकून करावे का, यावर माझे मत स्पष्ट आहे, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. १९८०च्या दशकात नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असताना माझ्याकडेही एक एमजीबी होती, उघड्या छपराची. मी संध्याकाळच्या वर्गात वेल्डिंग शिकलो, सपाट पत्र्यावर माझा टाका चांगला येऊ लागला आणि मी सिलला हात घातला. गाडी मधोमध दोन स्टँडवर उचललेली होती, दरवाजे काढून भिंतीला टेकवलेले होते आणि दाराच्या चौकटीत आडवी-तिरकी आधाराची नळी टाकायला हवी, हे मी वाचूनही कानाआड केले होते. दोन्ही बाजूंचे जुने सिल एकदमच कापले आणि नवे जोडले. टाके उत्तम आले होते. दरवाजा बसवायला गेलो तेव्हा वरच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट आणि खालच्या कोपऱ्यात पत्र्याला पत्रा घासत होता. बिजागरीत पातळ पट्ट्या घालून पाहिल्या, कुलूप सरकवून पाहिले, पण गाडीच मध्ये वाकली होती. मी दोन्ही सिल पुन्हा कापले आणि त्या चुकीत १४ महिने गेले.

तुमच्या जीटीला छप्पर असल्यामुळे ती माझ्या गाडीइतकी वाकणार नाही, पण वाकणारच नाही असेही नाही. त्यामुळे हे काम कोणाकडूनही करून घेतलेत, तरी त्याआधी दोन्ही दरवाजे पुन्हा बिजागरीवर चढवा. गाडीचे वजन तिच्या चाकांवर किंवा पुढच्या-मागच्या सस्पेन्शनखाली राहील असे पाहा. दाराच्या चारही कडांच्या फटी मोजून त्यांचे आकडे दारावरच खडूने लिहा. मग आधाराची नळी टाकून एका वेळी एकच बाजू कापली जाईल, असे ठरवून घ्या. एखाद्या कारागिराला या मागण्या जाचक वाटल्या, तर तो कारागीर तुमच्या कामाचा नाही.

वेल्डिंग शिकायला मी नको म्हणत नाही. मागच्या सीटखालच्या बॅटरीच्या पेट्या, सामानाच्या डिकीतली भोके आणि वायपरच्या टोपणाखालचा पत्रा या जागी हात बसवा. भाराचे काम मात्र अनुभवी माणसाला द्या. त्यासाठी कर्ज काढावे लागेल असे मला वाटत नाही. ९,००० पौंडांच्या त्या अंदाजात मोठा वाटा रंगाचा असणार. तो अंदाज तोडून मागा: फक्त सिल, पायाखालचा पत्रा आणि स्प्रिंगच्या मागच्या आधाराचे पत्रेकाम, त्यावर गंजरोधक प्राइमर, बस. फेंडर, बॉनेट आणि दरवाजे आहेत त्या जुन्या रंगात राहू द्या. पाच वर्षे ठिगळाठिगळाच्या रंगात रस्त्यावर चालणारी एमजीबी ही गाडी असते. पाच वर्षे खोक्यांत पडलेली एमजीबी हा भंगाराचा साठा होत जातो. "नव्यासारखी" हा शब्दच तुम्हाला इथवर घेऊन आला आहे. अॅबिंग्डनमधून बाहेर पडतानाही ही गाडी आरशासारखी नव्हती. प्रदर्शनात दिसणाऱ्या गाड्या कारखान्याने दिल्या त्याहून कितीतरी अधिक घासूनपुसून केलेल्या असतात. तुम्हाला प्रदर्शनात न्यायची आहे की चालवायची आहे? पत्रात प्रदर्शनाचा उल्लेख एकदाही आलेला नाही.

इंजिन उघडण्याचा विचार असल्याचे तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे. गाडी चालत घरी आली होती, धूर नव्हता आणि तुम्हीच लिहिल्याप्रमाणे इंजिन गरम असताना धावत्या गाडीत तेलाचा दाब चौरस इंचाला ५० पौंडांच्या वर राहत होता. मग त्या १७९८ सीसी इंजिनाला पान्याने शिवू नका. तीन वर्षे पडून आहे म्हणून स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, एक रात्र जाऊ द्या, पंख्याचा पट्टा धरून हाताने फिरते का पाहा आणि मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आले, तर तुमचे हजारो पौंड वाचले. शिसेविरहित पेट्रोलसाठी व्हॉल्व्हच्या सीट बदलण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल; पुढे कधी हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उतरवावे लागले तेव्हा ते करा, त्यासाठी म्हणून हेड उतरवू नका.

ब्रेक मात्र सगळे उघडा. तीन वर्षे उभ्या गाडीत ब्रेक ऑइलने हवेतले पाणी शोषलेले असते आणि पुढच्या कॅलिपरचे पिस्टन आतून गंजतात. १९७१च्या गाडीत ब्रेकची वाट एकच असते, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला, म्हणून रबरी होज आणि धातूच्या नळ्या नव्याच टाका. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदला. सप्टेंबर २०२१पासून ब्रिटनमध्ये साधे पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचे आहे आणि ते जुन्या रबराला खाते, त्यामुळे गाडी चालू झाल्यावर तिला ई-५ प्रतीचे महागडे पेट्रोलच घाला. पुढची चाके ज्यावर वळतात त्या उभ्या खिळ्याला, म्हणजे किंगपिनला, ग्रीस भरणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि बहुतेकांच्या हातून तेच राहून जाते. मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील, त्यांच्या पेट्या तळाशी गंजलेल्या सापडल्या तर आश्चर्य मानू नका.

पान्यांबद्दल एक सांगतो. तुमच्याकडे मिलिमीटरचा संच असेल, तर तो कपाटात ठेवा. या गाडीचे नट इंची मापाचे आहेत. ७/१६, १/२, ९/१६ या मापांचे चांगले रिंग पाने घ्या, कारण १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की कोपरे खाऊन टाकतो. तुमच्या वडिलांना ही मापे सांगावी लागणार नाहीत असे वाटते. त्यांच्या पिढीच्या कार्यशाळेत इंची पाने हाताखालचीच होती.

सोडवलेल्या भागांच्या खोक्यांचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तुमचे खरे काम मला तिथे दिसते. बॉडी शॉपची वाट पाहण्याच्या काळात रोज एक खोके उघडा. त्यातला प्रत्येक भाग ओळखा, पुसा, त्याचे बोल्ट त्याच्याच भोकात हाताने फिरवून ठेवा, आणि जो भाग ओळखू येत नाही तो एका वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. मुलगी बारा वर्षांची आहे म्हणता; चिठ्ठ्या लिहिण्याचे काम तिला द्या. हरवलेल्या भागांची यादी इथे तयार होईल आणि गाडी पूर्ण करणे झेपणार आहे की नाही, याचे प्रामाणिक उत्तर त्या यादीतून मिळेल. एमजी कार क्लबच्या स्थानिक शाखेत एकदा जाऊन या. तिथे तुमच्यासारखीच गाडी उघडी पाहायला मिळेल, आणि चांगला पत्रेकारागीर कोण, हे त्या मंडळींना पक्के ठाऊक असते.

घरी काम करणाऱ्या सर्वांनाच लागू पडणाऱ्या काही गोष्टी मी जोर देऊन सांगतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली एक हातही घालू नका. अॅक्सल स्टँड सपाट काँक्रीटवर लावून, गाडी हलवून पाहून मगच खाली जा. जुन्या ब्रेकच्या आणि क्लचच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकते. ब्रिटनमध्ये त्यावर १९९९ साली बंदी आली आणि तुमची गाडी त्याच्या बरीच आधीची आहे. त्यामुळे ती धूळ हवेने उडवू नका, कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बंद करा. वेल्डिंग होणार असेल तर पेट्रोलची टाकी गाडीतून काढून घराबाहेर ठेवा, आणि पत्र्याच्या मागे काय आहे ते आधी पाहा, कारण तळाचा डांबरी थर आणि सीटचा फोम सहज पेटतात. दोन भागांचे मिश्रण करून मारायचा आयसोसायनेटचा रंग घरच्या गॅरेजमध्ये फवारू नका. त्याने दमा जडतो आणि साधा कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. वडिलांचे वय लक्षात घेता त्यांना धुळीपासून आणि जमिनीवर झोपून करायच्या कामापासून दूरच ठेवा; टेबलाच्या उंचीवर करता येईल असे काम भरपूर आहे.

कागदपत्रेही आत्ताच पाहून ठेवा. चाळीस वर्षांवरील गाडीला कर माफ असतो, पण तो आपोआप होत नाही. गाडी रस्त्यावर नसेल तर तशी नोंद, म्हणजे एसओआरएन, केलेली असली पाहिजे, आणि रस्त्यावर आणताना ऐतिहासिक वर्गात शून्य कराची नोंद करावी लागते. अशा गाडीला मोठे फेरफार केलेले नसतील तर वार्षिक एमओटी तपासणी सक्तीची नाही. तरीही पहिल्यांदा रस्त्यावर नेण्याआधी ती करून घ्या. तिचे कमाल शुल्क ५४.८५ पौंड आहे आणि त्या पैशांत एक परका, सावध माणूस तुमची गाडी खालून पाहतो. दुरुस्तीच्या काळात चोरी आणि आगीपुरता विमा मिळतो, तोही घ्या.

राहिला विकण्याचा पर्याय. त्याला पराभव समजू नका, पण एक हिशेब चुकवू नका: आजवर घातलेले पैसे गाडी विकली तरी परत येत नाहीत आणि पूर्ण केली तरी बहुधा येत नाहीत, म्हणून ते या निर्णयातून वगळा. इथून पुढे किती लागतील आणि ते करताना तुम्हाला आनंद आहे का, एवढेच बघायचे. सुट्या भागांच्या ढिगाला मातीमोल भाव येतो, कारण घेणाऱ्याला काय हरवले आहे ते कळत नाही. तेव्हा विकायची असली तरी खोकी लावून, दरवाजे चढवून, चाकांवर उभी करून विका. म्हणजे पुढचे दोन महिने दोन्ही वाटांवर काम तेच आहे. स्प्रिंगचे आधार आणि पुढच्या भार वाहणाऱ्या पत्र्याच्या पेट्याही (त्यांना चॅसिस रेल म्हणतात) गेलेल्या निघाल्या, तर नवी बॉडी घेण्याचा विचार मनात येईल. ब्रिटिश मोटर हेरिटेजने एमजीबीच्या नव्या बॉडी १९८८पासून बनवल्या आहेत. तुमच्या घरच्या आजच्या स्थितीत ती वाट मी सुचवणार नाही. तसे झाले तर विका.

ज्या वाचकांनी अजून पाना उचललेला नाही, त्यांनी तुमच्या पत्रावरून एक करावे. गाडी सोडवण्याआधी तिला उचलून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिल ठोकून ऐकावेत. घट्ट टणक आवाज आणि खपलीचा भुसभुशीत आवाज यांतला फरक कोणालाही कळतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनीलाही हेच लागू आहे, तिलाही वेगळी चॅसिस नाही.

तुमच्यासाठी या आठवड्याचे काम एवढेच: चालकाकडचा दरवाजा शोधून बिजागरीवर चढवा, फटी मोजा आणि ते आकडे वडिलांना कळवा. फोनवर त्यांना विचारा, पत्रा सरळ करायचा त्यांचा हातोडा आणि खाली धरायची डॉली अजून घरी आहे का. तुमच्या पुढच्या फेंडरच्या खालच्या कडेला जे पोचे आहेत, ते टेबलावर बसून काढण्यासारखे आहेत. हातोडा मोठ्या बॅगेत घालायला सांगा, हातातल्या बॅगेत तो विमानतळावर अडवतील.